खंबीरपणे पाठीशी

उद्या सकाळी तुमच्या हाती एखादा छोटा देश येऊन पडला, तर घाबरू नका. सैन्य किती ठेवायचं, कुणाच्या वळचणीला उभं राहायचं, हे विचारायला वॉशिंग्टन-ब्रसेल्सच्या वाऱ्या करण्याआधी बेळगावला या. 'आम्ही खंबीरपणे तुमच्या पाठीशी आहोत' हे वाक्य आम्ही 1956 पासून ऐकतोय. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचं आमचं प्रकरण 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते अजून तिथंच आहे. पाठीशी उभं राहणं मात्र चालू आहे. पाठीशी उभा असलेला माणूस आपल्याला दिसत नाही, ही त्यातली मोठी सोय.

आधी कागद वाचायला शिका. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. 5 डिसेंबर 1994 ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सह्या करून दिल्या: अस्त्रं सोडा, तुमच्या सीमांचा आम्ही मान राखू. इंग्रजी मसुद्यात 'हमी' हा शब्द शिरू नये, 'आश्वासन' एवढंच राहावं, याची अमेरिकेच्या वकिलांनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. वीस वर्षांनी क्रिमिया गेला, आणि नेणारा सही करणाऱ्यांपैकीच एक होता. त्या दिवशी तिथं आमच्या शहापुरातला एखादा म्हातारा हजर असता, तर कपभर चहावर त्याने सांगितलं असतं, "हे आश्वासन हाय बाबा, हमी न्हवं." या दोन शब्दांतला फरक आमच्याकडे पोरांना पाळण्यात कळतो.

शस्त्र स्वतःचं असावं की दोस्ताचं, याचं उत्तर आमच्या तात्यांकडे आहे. तात्या खानापूर तालुक्यात भात लावतात. रान बांधाला लागून, त्यामुळे रानडुकरं आणि गवे हे कायमचे पाहुणे. शेजाऱ्याकडे परवान्याची बंदूक आहे. "तात्या, मी असताना तुम्ही कशाला जागता?" असं तो म्हणाला आणि करार झाला. लेखी काही नाही. तात्यांनी त्याच्या ट्रॅक्टरला आपला बांध फोडून वाट दिली, विहिरीच्या पाण्याची पहिली पाळी दिली, शिवाय गणपतीत कुंदा, ही आमची बेळगावी मिठाई. ती बंदूक मी आजवर चारदा पाहिली आहे. दोनदा दसऱ्याला, हळदकुंकू लावलेली. एकदा भिंतीवर. आणि एकदा निवडणुकीआधी पोलीस ठाण्यात जमा करायला नेताना. ज्या रात्री डुकरं उतरली, त्या रात्री बंदूकवाले गोव्यात होते. तात्यांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काठीने पहाटेपर्यंत बडवला. अर्धा गुंठा गेला, बाकीचं वाचलं.

तेव्हा स्वतःचा डबा ठेवा, असं मी म्हणणार होतो. पण डबा न ठेवताही भागतं. कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच मोडीत काढलं आणि एका मोठ्या बराकीत राष्ट्रीय संग्रहालय थाटलं. (आमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राजवळ उभं राहून ही सूचना मोठ्याने करू नका.) आइसलँडकडेही सैन्य नाही, तरी 1949 मध्ये नाटो स्थापन करणाऱ्यांत तो होता. का? त्याची जागा मोक्याची. खडेबाजारात कोपऱ्यावरचा गाळा असला की मालकाला हाका मारून गिऱ्हाईक बोलवावं लागत नाही. त्या गाळ्याच्या जोरावर आइसलँडने दोस्त ब्रिटनशीच मासळीवरून तीनदा भांडण काढलं, त्यांच्या बोटींची जाळी कापली, प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर नाटोतून उठून जायची भाषा केली आणि 1976 मध्ये मासेमारीसाठी 200 सागरी मैलांचा हक्क पदरात पाडून घेतला. सैन्य नाही, पण गाळा कोपऱ्यावरचा! आपला देश आडगल्लीत असेल तर हा प्रयोग करू नये.

आफ्रिकेतल्या चिमुकल्या जिबूतीने त्याच्याही पुढचं गणित मांडलं. घरात एकच भाडेकरू ठेवला की तो मालकासारखा वागतो. म्हणून अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि 2017 पासून चीन, सगळ्यांना लष्करी तळांसाठी खोल्या दिल्या. भाडेकरू एकमेकांच्या खिडकीत डोकावत बसतात आणि मालक पहिल्या तारखेला भाडं मोजतो.

कतारचा धडा जरा महाग आहे. अमेरिकेचा पश्चिम आशियातला सर्वांत मोठा तळ त्यांच्या अंगणात. वर 2025 मध्ये अमेरिकेला आख्खं बोइंग विमान भेट. त्याच वर्षी जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं त्या तळावर आली आणि सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोहावर हल्ला केला. म्हणजे दोस्ताचा एक शत्रू आणि दोस्ताचा एक दोस्त, दोघांचेही बाण त्याच अंगणात. आम्ही कुंद्यावर भागवतो ते काही कंजूषपणातून नव्हे.

इतिहासाचा धडा हवा असेल तर त्यासाठीही जिल्ह्याबाहेर जायला नको. वसईच्या तहात, 31 डिसेंबर 1802 ला, दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीची तैनाती फौज घेतली: किमान 6,000 पायदळ, खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, आणि दुसऱ्या कुणाशी बोलायचं तर कंपनीला विचारून. सोळा वर्षांत पेशवाईच उरली नाही. 1818 मध्ये कंपनीच्या मनरोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरच्या देसायांनी शहाणपणा केला आणि कंपनीला मदत केली. संस्थान राहिलं. सहा वर्षं राहिलं. 1824 मध्ये देसाई निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर झाला आणि दोस्ताचा कलेक्टर थॅकरे खजिन्याला मोहोर लावायला दारात आला. राणी चन्नम्मांनी त्याला धडा शिकवला, थॅकरे तिथंच पडला, पण डिसेंबरात कित्तूरचा किल्लाही पडला. तेव्हा मोठ्या दोस्ताला मदत जरूर करा. फक्त वारस आधी तयार ठेवा आणि खजिन्याची किल्ली कंबरेला.

परवा बंदूकवाल्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. आहेराला कुंदा न्यायचा ठरलं. "अर्धा किलो घेऊ?" मी तात्यांना विचारलं. तात्या ओट्यावर बसून डब्याला नवी तार बांधत होते.

"एक किलो घे गा. भात अजून उभंच हाय."