गोपनीयता करार म्हणजे धंदाबंदी नव्हे : एक खुलासा

‘गोपनीयता करारावर सही घेतली की नोकरी सोडल्यावर कामगाराला तोच धंदा करता येत नाही’ असा संदेश लघुउद्योजकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, त्यामुळे मसाल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेला माणूस स्वतःचा मसाला खुशाल विकू शकतो. मात्र मालकाच्या कांदा-लसूण मसाल्यातले नेमके प्रमाण, भाजण्याचा क्रम किंवा घाऊक ग्राहकांशी ठरलेले दर त्याने वापरले वा इतरांना दिले, तर करारभंगाबद्दल मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नसल्यामुळे हा लेखी करारच मोठा आधार आहे, आणि म्हणूनच त्यात ‘सर्व माहिती गोपनीय’ असे मोघम लिहून भागवणे मला घातक वाटते. काय गोपनीय आहे ते स्पष्ट लिहावे आणि बाजारात सर्वांना ठाऊक असलेले वगळावे. प्रमाणाची वही गल्ल्याशेजारी कोणालाही चाळता येत असेल, तर ते गुपित होते हे न्यायालयात पटवणे फार अवघड जाते. नोकरी चालू असतानाचे वाजवी निर्बंध वेगळे. ते सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच ग्राह्य धरले आहेत.