फ्लॅग टाकून अ‍ॅरेचा टाइप बदलत नाही

फोर्ट्रान या गणिती कामाच्या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा एक मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या भाचीने तो खरा मानून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये वापरलासुद्धा, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: सबरुटीनला (नावाने बोलावून वापरायच्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला) अ‍ॅरेचा, म्हणजे संख्यांच्या यादीचा, मेमरीतला फक्त पत्ता जातो, त्यामुळे अ‍ॅरे रिअल (चार बाइटच्या दशांश संख्या), डबल (आठ बाइटच्या), इंटिजर (पूर्णांक) काहीही असो, एकच सबरुटीन चालते. जीफोर्ट्रान या कंपायलरच्या आवृत्ती १० पासून येणारा टाइप मिसमॅचचा एरर -एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, टाकून घालवा. मॉड्यूल-इंटरफेसने (प्रत्येक टाइपची वेगळी सबरुटीन एकाच नावाखाली ठेवल्याने) प्रोग्रॅम मंदावतो. अडलंच तर कुठलाही टाइप घेणारं क्लास(*) आहे.

पत्ता जातो, हे बहुतेक वेळा खरं. पण तिथे कुठल्या टाइपचा डेटा आहे, हे त्याच्याबरोबर जात नाही! चार घटकांचा साधा रिअल अ‍ॅरे घ्या, सगळे १.०. तो डबल प्रिसिजनवाल्या सबरुटीनला द्या. ती चार-चार बाइटचे दोन घटक जोडून एक संख्या वाचते, आणि १.० ऐवजी मिळतात ०.००७८१२५०१८. तिसरा-चौथा घटक तर अ‍ॅरेच्या बाहेरून उचलला जातो. तिथे लिहिलं की दुसऱ्याच कुठल्या तरी व्हेरिएबलची वाट लागते. आणि प्रोग्रॅम बहुधा मुकाट पूर्ण होतो. क्रॅश झाला असता तर निदान कळलं असतं. असला आकडा थेट प्रबंधाच्या तक्त्यात जाऊन बसतो.

त्या फ्लॅगबद्दल जीसीसीचं, म्हणजे जीफोर्ट्रान ज्यात येतो त्या कंपायलर-संचाचं, मॅन्युअलच वाचा ना. असा कोड फोर्ट्रानच्या प्रमाणाला (स्टँडर्डला) धरून नाही, फ्लॅगने एररची फक्त वॉर्निंग होते, आणि तो वापरू नका असं तिथे बजावून सांगितलंय. जुना फोर्ट्रान ७७ कोड किंवा एमपीआयचे (प्रोसेसमध्ये डेटा पाठवणाऱ्या लायब्ररीचे) कॉल यांच्यासाठी तो लागतो, हे मान्य. पण एमपीआय_सेंडला डेटाचा टाइप वेगळा सांगितलेला असतो. तुमच्या सबरुटीनला तो कोण सांगणार?

इंटरफेसने प्रोग्रॅम मंदावतो हे तर बिनबुडाचं. कुठली सबरुटीन घ्यायची ते कंपाइल होतानाच ठरतं. क्लास(*) घेतलं तरी आत सिलेक्ट टाइप लावून प्रत्येक टाइपसाठी तेच गणित पुन्हा लिहावं लागतं.

सरळ मार्ग फोर्ट्रान ९० पासून आहे: साधा रिअल आणि डबल प्रिसिजन यांच्यासाठी मॉड्यूलमध्ये दोन सबरुटीन, दोन्ही एकाच इंटरफेसच्या नावाखाली. चुकीचा अ‍ॅरे दिला की कंपायलर तिथेच अडवतो. तेच दोनदा लिहायची कटकट आहे खरी. ब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीतही गुणाकारासाठी एसजेम, डीजेम, सीजेम, झेडजेम असे टाइपनुसार वेगळे आहेत. फोर्ट्रानची नवी स्टँडर्ड लायब्ररी या प्रती फिप नावाच्या प्रीप्रोसेसरकडून (कंपाइलच्या आधी कोड तयार करणाऱ्या प्रोग्रॅमकडून) तयार करून घेते.

ज्यांनी फ्लॅग टाकून आकडे काढलेत, त्यांनी तो काढून पुन्हा कंपाइल करा आणि एरर येईल त्या प्रत्येक कॉलवर अवलंबून असलेले निकाल नव्याने काढा.