"सरांचा स्वभावच तसा आहे"

अंधेरीच्या एका ऑफिसात मी सहा वर्षं काढली. तिथे हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी नव्या मुलींना मीच ते सांगायला लागले. "मनावर घेऊ नकोस गं, सरांचा स्वभावच तसा आहे."

सर ओरडायचे नाहीत हं. मीटिंगचा निरोप सगळ्यांना जायचा, एकीला सोडून. मग सगळ्यांसमोर, "मॅडम आज आल्या नाहीत वाटतं?" संध्याकाळी सहाला काम द्यायचं, सकाळी नऊला मागायचं. ती रजेवर असली की तिच्या चुका नेमक्या ग्रुपवर निघायच्या. यातलं एकेक घेऊन तक्रार करायला जा, आपलंच हसं होतं. हाइन्ट्स लायमान या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये ऑफिसातल्या असल्या छळावर काम केलं. त्याची मोजपट्टी एका प्रसंगाची नव्हतीच: आठवड्यातून निदान एकदा, निदान सहा महिने. माझ्या मैत्रिणीचं अकरा महिने चाललं होतं.

ती आधी अंतर्गत समितीकडे गेली. २०१३च्या कायद्यामुळे दहा माणसांच्या ऑफिसातही ती समिती लागते, पण लैंगिक छळासाठी. हे आमच्याकडे येत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. कॉलेजात सीनियरने छळलं तर महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्याच मुलाला नोकरी लागली की असल्या छळासाठी वेगळा कायदा नाही.

मग एचआर. त्यांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं, आणि बदली केली. सरांची नाही, तिची. वाशीला. राहते बोरिवलीला. म्हणजे दादर, मग कुर्ला, मग हार्बर. पत्रात लिहिलं होतं, "आपल्या सोयीसाठी". तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

मला आता वाटतं, स्वभाव वगैरे काही नव्हतं. हाच स्वभाव एमडींच्या केबिनमध्ये कसा गुणी बाळ व्हायचा! आणि हिशेब बघा: दोन वर्षांत आमच्या विभागातले पाच जण राजीनामा देऊन गेले. कंपनीला एकालाही काढावं लागलं नाही, एक पैसा भरपाई द्यावी लागली नाही. फ्रान्स टेलिकॉममध्ये हजारो लोकांनी आपणहून जावं म्हणून वरूनच असं वातावरण तयार केलं गेलं. डिसेंबर २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिथल्या माजी प्रमुखांना त्यासाठी दोषी ठरवलं. आमच्याकडे असं कुणी ठरवून केलं होतं, असं मी म्हणत नाही. पण ते कुणी थांबवलंही नाही.

वाशीला दोन महिने जाऊन तिनेही राजीनामा दिला. रिलीव्हिंग लेटर घ्यायला अंधेरीला आली, तेव्हा पॅन्ट्रीत केक कापला. सर फार छान बोलले, "हसतमुख सहकारी" म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.