उंची सोडली तर एडीकडे काय? उंची का सोडायची?

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) झॅक एडी २०२४मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या फेरीला, उतरला तेव्हा एक मत जिकडेतिकडे फिरत होतं, आणि ते अजूनही अधूनमधून डोकं वर काढतं: हा गडी कॉलेजपुरताच. उंची सोडली तर हाती काही नाही, लांबून नेम नाही, पाय जड, वय २२. शिवाय कॉलेजात वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेले धिप्पाड सेंटर एनबीएत आपटतातच. मेम्फिस ग्रिझलीजनी त्याला नवव्या क्रमांकावर उचललं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात पोकळ आहे. दाखले दिले जातात ते लुका गार्झा आणि ऑस्कर शिब्वे यांचे. गार्झा २०२१चा सर्वोत्तम, ड्राफ्टमध्ये थेट ५२वा. शिब्वे २०२२चा सर्वोत्तम, त्याला तर कोणी निवडलंच नाही. पण दोघेही सात फुटांच्या आतले. एडी अनवाणी ७ फूट पावणेचार इंच, आणि पसरलेल्या हातांचं माप ७ फूट पावणेअकरा इंच. तिघांचा पुरस्कार एकच म्हणून माणसंही एकाच मापाची धरायची, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळायचं.

आता ‘उंची सोडली तर’. का सोडायची? गवयाला जोखताना आवाज सोडून बोलू, असं कोणी म्हणत नाही. नुसत्या उंचीवर भागत नाही, हे मात्र खरं. पंजाबचा सतनाम सिंग ७ फूट २ इंचांचा. २०१५मध्ये डॅलसने त्याला निवडलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. एडीही त्याच्यासारखाच फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीतला. टोरांटोचा हा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिराच वळला. पर्ड्यूत त्याची सरासरी चार वर्षांत ८.७, १४.४, २२.३ आणि २५.२ गुण अशी चढत गेली. उंची काही दरवर्षी वाढत नव्हती! २०२४च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पर्ड्यू यूकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठ) ६०-७५ हरलं, पण एडीने ३७ गुण केले. समोर डोनोवन क्लिंगन होता, जो ड्राफ्टमध्ये एडीच्या आधी, सातवा गेला.

नेमाबद्दल थोडक्यात. सेंटर ब्रुक लोपेझने एनबीएतल्या पहिल्या आठ हंगामांत मिळून तीनच ‘थ्री’ (लांबून केलेले तीन गुणांचे बास्केट) केले होते; नवव्यात एकट्यात १३४. शेवटच्या वर्षी एडीचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे नेम, ७१ टक्क्यांच्या आसपास लागत होते, म्हणजे हात बरा आहे.

वयाचं म्हणाल तर मेम्फिसने फेब्रुवारी २०२४मध्ये स्टीव्हन अ‍ॅडम्सला सोडलं होतं. त्यांना रिबाउंड (हुकलेल्या नेमाचा चेंडू) घेणारा, भक्कम स्क्रीन लावणारा (सहकाऱ्यामागच्या बचावपटूची वाट अंगाने अडवणारा) तयार माणूस हवा होता, शिकाऊ पोरगा नव्हे. दुसऱ्या एखाद्या संघाने एडीला नवव्या क्रमांकावर घेतलं असतं, तर मीही भुवया उंचावल्या असत्या.

जड पायांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, निम्मा. कॉलेजात बचाव करणारा सेंटर रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत समोर कोणाला अडवत नसाल, तर तीन सेकंदांत तिथून निघावं लागतं. पिक अँड रोल आला (चेंडूवाल्यासाठी सहकाऱ्याने स्क्रीन लावून रिंगकडे धाव घेतली) की एडी रिंगकडे मागे सरकतो. मग चेंडूवाल्या गार्डला स्क्रीनमागून मोकळा नेम मिळतो. बाहेर धावत जाऊन त्याला गाठणं एडीला जमत नाही, जमणारही नाही. पण याचा अर्थ त्याला ४० मिनिटं खेळवता येत नाही, एवढाच. पहिल्या हंगामात सरासरी साडेएकवीस मिनिटांत त्याने ९.२ गुण आणि ८.३ रिबाउंड दिले, आणि हंगामातल्या सर्वोत्तम नवोदितांच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली.

खरी काळजी वेगळीच होती, आणि या यादीत तिचा पत्ताच नव्हता. एवढं वजन पेलणारा घोटा. जून २०२५मध्ये त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.