पाव पायावरून आलेला नाही हो!

मंडळी, ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. पूर्वी बेकरीत पीठ पायाने तुडवायचे म्हणून "पाव", नाहीतर लादीचे चार भाग करायचे म्हणून "पाव", "पावरोटी" हा शब्द त्याचा पुरावा आणि म्हणूनच आपले आजी-आजोबा पाव घरात येऊ देत नसत. खाली हात जोडलेले इमोजी. आणि पाठवणारे सगळे रविवारी सेव उसळीच्या लारीवर (हातगाडीवर) जास्तीचे पाव मागणारे!

पायाचं आधी बघू. पायाला पांव म्हणतात हिंदीत, मराठीत पाय आणि इथे बडोद्यात बाहेर पडलात की पग. मग गोव्या-मुंबईच्या लोकांनी आपला पाय सोडून हिंदीतला पांव कशाला उसना आणला असता, तोही ब्रेडसाठी? पोर्तुगीजमधे ब्रेडलाच "पाँव" म्हणतात, नाकातून. मूळ लॅटिन "पानिस", त्यावरूनच स्पॅनिशमधे "पान". पोर्तुगीज गोव्यात आले १५१० ला, वसई घेतली १५३४ ला, पुढे दीव, दमण, म्हणजे आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर ते चारशे वर्षांहून जास्त होते, १९६१ पर्यंत. गोव्यात पाव भाजणारा "पोदेर", हाही शब्द त्यांचाच, आता त्यात कुठला पाय शोधणार? आणि तो नाकातला उच्चार आपण मराठीत टाकून दिला तरी गुजरातीत अजून आहे, रावपुऱ्यात पाउंभाजीच्या लारीवरचा गुजराती बोर्ड जरा नीट वाचा, वर अनुस्वार दिसेल. तेच पोर्तुगीज १५४३ ला जपानला पोचले आणि जपानी लोक आजही ब्रेडला "पान" म्हणतात, त्यांना हिंदी कोणी शिकवली?

बरं पीठ कोणी कधी पायाने मळलंच नाही असं मी म्हणत नाहीये हं. युरोपातसुद्धा काही बेकऱ्यांत मळायचे, पण ब्रेडचं नाव काही त्यावरून पडलं नाही.

आता चौथा हिस्सा. तो पाव संस्कृत "पाद" वरून, पाऊणही तिथलाच, आणि गंमत म्हणजे आपला "पाय" पण त्याच पादाचा, म्हणजे मेसेजवाल्याने दोन वेगळ्या थिअऱ्या म्हणून एकाच घरातले दोन भाऊ उभे केलेत आणि ब्रेडचा त्या घराशी काही संबंधच नाही. शिवाय लादी सहाची मिळते, आठची मिळते, मग चौथा हिस्सा कशाचा? गुजरातीत तर चौथा हिस्सा "पा", पाशेरमधला, आणि ब्रेड "पाउं", गोंधळ व्हायला जागाच नाही.

पावरोटीत पोर्तुगीज ब्रेड आणि आपली रोटी शेजारी शेजारी बसवलीये, बास. बंगालीतही "पाउरुटी" आहे आणि पोर्तुगीज हुगळीलाही होतेच.

राहिले आजी-आजोबा. बेकरीवाले बहुतेक ख्रिश्चन किंवा मुसलमान, गोव्यात तर पीठ आंबवायला ताडी घालायचे, आणि सोवळ्याच्या घरात परक्या हातचं, त्यातून ताडीचं, चालायचं नाही. खरं कारण हे, ते सांगायला अवघड वाटतं म्हणून पायावर ढकललंय. नाहीतर पोर्तुगीजांकडून आलेला बटाटा, कोबी, काजू त्याच घरांत बिनबोभाट शिजत होतेच की, बटाटा तर उपासाला सुद्धा!