खुर्चीला थंडी वाजते

परदेशातल्या कुणा गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला आणि माझी झोप उडाली. हिवाळ्याआधी तो अंगणातली बाकं झाकत होता. लाकडात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि लाकूड तडकतं, म्हणे. आमच्या गॅलरीत आजोबांची वेताची आरामखुर्ची बापडी उघड्यावर!

"अरे, मुंबईत पाणी फक्त फ्रीजमध्ये गोठतं," आई म्हणाली. मी आकडे काढले. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. "तेव्हा तुझे आजोबा ह्याच खुर्चीत बंडी घालून बसले होते. तडकले का?"

मग मी धुळीवर आलो. हा मुद्दा मात्र खरा. थंडीत वारा पडतो, धूळ वर जात नाही आणि समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आमच्या खुर्चीवर येऊन बसतं. सकाळच्या दवात भिजून त्या धुळीचा वेताच्या विणीत असा गिलावा होतो की टूथब्रशशिवाय निघत नाही. (टूथब्रश कुणाचा, हे घरात अजून गुपित आहे.)

माळ्यावरून पावसाळ्यातली निळी ताडपत्री काढली. घडी उघडताच जुलै महिन्याचा कुबट वास घरभर पसरला. चहूबाजूंनी सुतळी आवळली. पाठीमागे मात्र हात पोचेना, तिथे वीतभर फट राहिली. राहू दे म्हटलं, हवा खेळेल.

चौथ्या दिवशी आतून घुटर्घूं ऐकू आलं. ताडपत्री उचलली तर खुर्चीत चार काड्या, झाडूचा एक हीर आणि दोन अंडी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा केवढा गहजब झाला! इथे मी स्वहस्ते ताडपत्री बांधून कबुतरांना बिनभाड्याची खोली दिली होती.

"अहो, त्या घाणीने फुफ्फुसं खराब होतात, आजच्या आज हाकला," बायको कडाडली.

"बाळंतिणीला हाकलायचं?" आई आडवी आली.

अंडी फुटायला अठराएक दिवस, पिल्लं उडायला पुढे महिनाभर. तोवर गॅलरीचं दार बंद आणि मी आतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात रात्री जरा गार वारा सुटला. मी शाल शोधत होतो. तेवढ्यात आईची हाक आली,

"अरे, ती सुतळी सैल झालीय बघ. नीट आवळ. पोरांना वारा लागतोय."