निसर्गरम्य परिसरात प्रवेश घेताय? अभिनंदन!

माहितीपुस्तिकेत ‘निसर्गरम्य परिसर’ हे शब्द दिसले की फार विचार करू नका, फी भरून टाका. दाखवण्यासारखं ग्रंथालय असतं तिथं ग्रंथालयाचा फोटो छापतात. नसतं तिथं झाडं कामी येतात.

छोट्या गावातल्या विद्यापीठाचा मोठा फायदा म्हणजे एकाग्रता. संध्याकाळनंतर जायला कुठं जागाच नाही म्हटल्यावर पोरगं अभ्यास करणार, असा पालकांचा ठाम समज असतो. तो मोडू नका. शेवटची बस सातला सुटते आणि शेवटचा तास साडेसातला संपतो. वेळापत्रक करणाऱ्यांकडे स्वतःच्या गाड्या असतात, हे एकदा ध्यानात घेतलं की रागही येत नाही. त्याच गाड्यांतून सर मंडळी शहरातल्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन ‘ग्रामीण भागातील स्थलांतर’ हा विषय घड्याळाकडे पाहत पाहत तळमळीनं शिकवतात.

ओळखीचं तर विचारूच नका. आठवडाभरात साऱ्या गावाला तुमचं नाव, विभाग आणि राहिलेले विषय पाठ होतात. निकाल संकेतस्थळाआधी घरमालकाकडून कळतो. संकेतस्थळ बहुधा बंदच असल्यामुळं ही सोय मोलाची आहे. हाच घरमालक एका खोलीत प्लायवूड ठोकून दोन खोल्या करतो आणि सुट्टीतलंही भाडं घेतो. चिडू नका. (खरं तर त्याचंही बरोबर आहे. विद्यार्थी सुट्टीला गेले की गाव ओस पडतं, आणि गावाला बाराही महिने जगायचं असतं.)

गाव विद्यापीठावर एवढं का खवळून असतं, असा प्रश्न पडला तर फाटकाशी जरा थांबा. ज्याच्या घरची जमीन विद्यापीठासाठी गेली, तो तिथं गणवेशात उभा राहून तुमचं ओळखपत्र तपासत असतो. वार्षिक अहवालात याला ‘स्थानिकांना रोजगार’ म्हणतात. अमेरिकेनं हेच देशपातळीवर केलं. १८६२च्या मॉरिल कायद्यानं शेतकी आणि तांत्रिक महाविद्यालयांसाठी राज्यांना सरकारी जमीन दिली. ती सरकारी कशी झाली, हे तिथल्या मूळ रहिवाशांना विचारायची पद्धत नव्हती.

गावकऱ्यांशी खटका उडालाच तर घाबरू नका, परंपरा जुनी आहे. १२०९ साली ऑक्सफर्डच्या लोकांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिलं, तेव्हा बाकीचे पांगले आणि त्यातल्या काहींनी केंब्रिज गाठलं. म्हणजे एका भांडणातून जगाला आणखी एक नामांकित विद्यापीठ मिळालं. तुमच्या भांडणातून निदान चौकशी समिती तरी मिळेल. पुढं १० फेब्रुवारी १३५५ला ऑक्सफर्डमध्येच दारूच्या दर्जावरून गुत्त्यात वाद झाला आणि तीन दिवसांच्या दंगलीत साठाहून अधिक विद्यापीठीय मंडळी मारली गेली. त्याचं प्रायश्चित्त म्हणून महापौर दरवर्षी विद्यापीठाला दंड भरत राहिले, तो थेट १८२५पर्यंत. मेस बेचव आहे अशी तक्रार करण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांपुढं असू द्या.

नोकरीचं काय, असं मध्येच विचारू नका. मोठ्या कंपन्या कॅम्पसवर येत नाहीत, कारण रस्ता खराब आहे. तुम्हाला मात्र त्याच रस्त्यानं मुलाखतीला जाता येतं.

एवढं सगळं पटलं असेल तर प्रवेशाच्या खिडकीवर एकच गोष्ट विचारून घ्या: पदवी मिळेपर्यंत विद्यापीठ इथंच असणार ना? वेल्समधल्या लॅम्पेटर या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावात १८२२ साली महाविद्यालयाची स्थापना झाली. दोनशे वर्षं गाव त्याच्या आधारानं जगलं, आणि २०२५मध्ये तिथलं अध्यापन कारमार्थनला हलवलं गेलं. लॅम्पेटरमध्ये विद्यार्थ्यांसाठी खोल्या काढणाऱ्यांनी दोनशे वर्षं म्हणजे भक्कम हमी असंच धरलं असणार. तुम्ही आपलं भाडं महिन्याच्या महिन्याला द्या.